दीड फुटी फिशटँक : मासे सोडायच्या आधी 'सायकल' नक्की कशी करायची?

नवखा_कोथरूडकर
१४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत लेकीच्या वाढदिवसाला फिशटँक आणला. दुकानदाराने दुपारी टाकी, पंप, निळे खडे आणि तो झाकण उघडझाप करणारा खजिन्याचा पेटारा दिला आणि संध्याकाळी त्याच दुकानातून सहा मासे, दोन गोल्डफिश, दोन मॉली आणि दोन कुठले ते मला अजून माहीत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं. दुकानात फोन केला तर म्हणे सगळं पाणी काढा, खडे चोळून धुवा, परत भरा. केलं. मग म्हणे इन्फेक्शन आहे, निळं औषध टाका. टाकलं, टाकीचे सांधे निळे झाले ते आजतागायत निळेच आहेत. आठव्या दिवशी शेवटचा मासा गेला. लेक सात वर्षांची आहे, तिने सगळे एकेक करून गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले. (कढीपत्ता त्यानंतर जो सुटलाय, विचारू नका.)

आता ती परत मागे लागलीये. या वेळी जरा वाचलं तर कळलं की आधी टाकी 'सायकल' करायची असते, मासे न घालता चार-सहा आठवडे. पण कुठे काय वाचावं तेवढं डोकं जास्त फिरतंय. टाकी १८ x १२ x १२ इंच, स्पंज फिल्टर आणि एअर पंप आहे, हीटर नाही. पाणी कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासल्याचं. काय करू?


पंक्चरवाला
१४ जून, रात्री ११:०५

शीर्षक वाचून मला वाटलं सायकलवरून फिशटँक कसा न्यायचा ते विचारताय. कॅरिअरला सुतळीने बांधा असं लिहिणारच होतो.
बाकी चालू द्या.


बीकरभर
१४ जून, रात्री ११:४०

पंक्चरवाला, हसून हसून पुरेवाट :)

नवखादादा, तुमचे मासे इन्फेक्शनने नाही गेले, स्वतःच्याच शू-शीत गेले, थोडं कठोर वाटेल पण खरं तेच आहे. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. नदीतळ्यात त्याचं काही वाटत नाही, पण तीस-पस्तीस लिटरच्या डब्यात तो दोन दिवसांत चढतो आणि कल्ले जाळतो. जुन्या टाकीत काय होतं, तर स्पंजवर, वाळूवर, काचेवर एक चिकट थर बसलेला असतो, त्यातले एक जिवाणू अमोनिया खाऊन नायट्राइट करतात आणि दुसरे ते नायट्राइट खाऊन नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा विषच, माशाचं रक्त चॉकलेटी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो. नायट्रेट मात्र बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हा सगळा थर तयार करून ठेवणं म्हणजे सायकल करणं.

हे जिवाणू भयंकर आळशी आहेत. दुधात विरजण घातलं की सकाळी दही, इतकं ते सोपं नाही. यांना एकाचे दोन व्हायलाच कमी-जास्त एक दिवस लागतो. म्हणून आठवडे लागतात. आणि तिसऱ्या दिवशी जे पांढरं झालं ना, ते हे जिवाणू नव्हेत, ती कुजणाऱ्या खाण्यावर जगणारी वेगळी जमात. ते आपोआप निवळतं. सगळं धुवून काढल्याने जे काही चार-दोन कामाचे बसले होते तेही नळाच्या क्लोरीनने गेले.

मासे नसताना त्यांना खायला घालायला अमोनिया हवा. त्यासाठी नवसागर आणा. हो तोच, कल्हईवाला भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो तो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. पण कल्हईवाल्याकडचा किंवा हार्डवेअरमधला नको, त्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही, लॅब केमिकलच्या दुकानात साधा एलआर (लॅबोरेटरी रीएजंट) ग्रेडचा मिळतो.

हिशोब असा. तुमची टाकी काठोकाठ भरली तर ४२ लिटर, पण वाळू आणि वरची रिकामी जागा धरता पाणी ३४ च्या आसपास. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि लेकीच्या हाताबाहेर ठेवा. त्यातले २० मिली टाकीत टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. चारच्या वर नेऊ नका, जास्त झाला तर खाणारेच गुदमरतात. मग थेंबांचं टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही मोजणारं. महाग आहे, पण त्याशिवाय हे सगळं अंधारात चाचपडणं आहे. कागदी पट्ट्या घेऊ नका, बऱ्याच पट्ट्यांत अमोनिया नसतोच.

झालं कधी म्हणायचं? २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, तेव्हा.


जुनी_हौद
१५ जून, सकाळी ६:१०

वय वर्षे ६७, सदाशिव पेठ. १९८८ पासून घरात मासे आहेत. नवसागर, पीपीएम, टेस्ट किट यातलं काहीही कधी केलेलं नाही आणि माझे एंजल मासे अंडी देतात. हल्ली प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची पद्धत पडली आहे. पाणी दोन दिवस शिळं करा, दोन साधे गप्पी सोडा, जगले तर बाकीचे आणा. संपला विषय.


बीकरभर
१५ जून, सकाळी ९:२२

काका, आदर आहेच, पण एक विचारते. १९८८ ला पहिली टाकी लावलीत तेव्हा वाळू कुठून आणली होती?


जुनी_हौद
१५ जून, सकाळी ९:४८

मित्राकडून. त्याची मोठी टाकी होती, अंडरग्रॅव्हल प्लेटवरची (वाळूखाली बसवायच्या फिल्टरवरची) पाटीभर वाळू त्याने दिली. त्यानंतर प्रत्येक नव्या टाकीत जुन्या टाकीतली वाळू घालतो, तशी पद्धतच आहे. का?


बीकरभर
१५ जून, सकाळी ९:५५

मग काका तुम्ही चाळीस वर्षं विरजण लावताय की! तीच सायकल. नवखादादांकडे मित्राची वाळू नाही, एवढाच फरक.
आणि "जगले तर" मधल्या त्या दोन गप्पींचं काय? सात वर्षांच्या मुलीने कढीपत्त्यात अजून किती पुरायचे?


पंक्चरवाला
१५ जून, सकाळी १०:०१

काकांची विकेट :)


हळदीकुंकू_नको_अनुबियास_द्या
१५ जून, दुपारी २:३०

माझ्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत एक फूटभर टाकी आहे. मी नवसागर वगैरे नाही केलं, आधी भरपूर झाडं लावली. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा मॉस आणि वरून मनीप्लांटच्या फांद्या, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. झाडं अमोनिया सरळ उचलतात. महिनाभर नुसती झाडं वाढू दिली आणि मग एक फायटर सोडला, दोन वर्षं झाली मजेत आहे. मनीप्लांट तर घरचाच असतो, फुकट काम. फक्त फांदी आणल्यावर आधी नीट धुवून घ्या, कुंडीतली असेल तर फवारलेलं औषध किंवा खत येतं.
नवसागर आणि झाडं दोन्ही करायला हरकत नाही, पण डोस जास्त झाला की मॉस पिवळं पडतं, स्वानुभव.


दूरदेशी
१५ जून, रात्री ११:१५

इकडे अमेरिकेत बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामीन असतं, ते शिळं करून जात नाही, औषध टाकावंच लागतं आणि ते तुटलं की अमोनिया मागे उरतो, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं टाकीत आपोआप अमोनिया कुठून आला. तुमच्याकडे साधं क्लोरीन असेल तर बादली २४ तास उघडी ठेवून किंवा हायपोचे (क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे) थेंब टाकून भागतं.

अजून एक गंमत म्हणजे पूर्वी पुस्तकांत नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव असायचं. १९९८ साली टिम होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर तिथे काम करत होते नायट्रोस्पायरा जातीचे. आणि २०१५ मध्ये असे नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही पायऱ्या एकटेच करतात. शंभर वर्षं सगळे समजत होते की हे काम दोघांनी वाटूनच होतं. बाटलीतले जिवाणू विकत घेताना म्हणून लेबल वाचा, नुसतं "बॅक्टेरिया" लिहिलेल्या बाटलीत कोण असेल देव जाणे.


नवखा_कोथरूडकर
१७ जून, रात्री ९:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद _/\_ आज श्रीगणेशा केला. अप्पा बळवंत चौकाकडे एका केमिकलवाल्याकडे नवसागर मिळाला, तो दोनदा विचारत होता कशाला पाहिजे. १० ग्रॅम मोजायला ऑनलाइन सोनारासारखा छोटा काटा मागवला. २० मिली टाकला, तासाभराने टेस्ट केली, ८ थेंब पहिल्या बाटलीचे, ८ दुसरीचे, पाच मिनिटं थांबून नळी पांढऱ्या कार्डासमोर धरली. बायको म्हणते हिरवा, मी म्हणतो पिवळसर हिरवा, लेक म्हणते पोपटी. बहुमताने २ पीपीएम.

आई विचारतेय की रिकाम्या टाकीला पंप लावून वीज कशाला जाळतोयस.


बीकरभर
१७ जून, रात्री १०:०५

रंग ट्यूबलाइटखाली बघू नका, सकाळी खिडकीपाशी बघा, पिवळ्या दिव्याखाली तर सगळंच हिरवं दिसतं. आणि नायट्रेटची दुसरी बाटली ३० सेकंद खच्चून हलवायची, टेबलावर आपटली तरी चालेल, आतली पावडर तळाला बसते. न हलवता टेस्ट केली की नायट्रेट कायम शून्यच दिसतं आणि लोक उगाच रडत बसतात.

रोज डोस टाकू नका. खाल्ला गेला की मगच.


कोळीवाडा_एक्सप्रेस
१८ जून, दुपारी १:१०

एवढं केमिकल कशाला, एक कोळंबी सोलून जुन्या मोज्यात घालून सोडा टाकीत, आपोआप अमोनिया. मी तसंच केलेलं.


नवखा_कोथरूडकर
१८ जून, दुपारी १:२५

दादा, आमच्याकडे अंडं आणलं तरी वेगळा गॅस लागतो. कोळंबी कुजवली तर मलाच टाकीत राहायला जावं लागेल.


नवखा_कोथरूडकर
२६ जून, रात्री १०:१५

दहावा दिवस. अमोनिया जिथल्या तिथे, २. नायट्राइट शून्य, आकाशी निळा, हूं नाही की चूं नाही. आणि वर एक नवीनच भानगड, आज सकाळी टाकीत काहीतरी वळवळताना दिसलं, बघतो तर डासांच्या अळ्या! चांगल्या पंधरा-वीस. पावसाळ्यात कॉर्पोरेशनची माणसं घरोघरी डेंग्यूसाठी कूलर, कुंड्या बघत फिरतात, त्यांनी बघितलं असतं तर नोटीसच. हे कसं झालं? पंप तर चालू असतो.

हां, एक कबूल करतो. रात्री बंद करतो. एअर पंपाची घरघर हॉलमध्ये झोपणाऱ्या आईला सहन होत नाही.


बीकरभर
२६ जून, रात्री १०:४०

सापडलं दुखणं :) रोज रात्री आठ-नऊ तास हवा बंद म्हणजे ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांचाच श्वास बंद. हे जिवाणू हवेवर जगतात, अंधार चालतो, पण हवा नसलेली चालत नाही. आणि डासाला अंडी घालायला स्थिर पाणी लागतं, ते तुम्ही रात्रभर तयार करून देताय. पंप २४ तास चालू ठेवा, वर मच्छरदाणीची जाळी किंवा काच टाका, अळ्या चहाच्या गाळणीने गाळून काढा (ती गाळणी परत चहाला नको).


जुनी_हौद
२७ जून, सकाळी ६:०५

पंप फरशीवर ठेवला की फरशी घुमते. खिळ्याला दोरीने टांगून ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. निम्मा आवाज जातो. टांगताना पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. माझे दोन पंप असेच गेले.

आणि उगाच वाट बघत बसू नका. माझ्या टाकीत तीन स्पंज आहेत, त्यातला एक कापून देतो. घट्ट झाकणाच्या डब्यात टाकीचंच पाणी घेऊन या, तासाभरात तुमच्या टाकीत गेला पाहिजे. व्यक्तिगत निरोप करा.


नवखा_कोथरूडकर
२९ जून, संध्याकाळी ७:४५

काका, तुमचे कसे आभार मानू. (मंडळी, काकांच्या घरी चार टाक्या आहेत आणि त्या एंजलसमोर बसलं की उठवत नाही. काकूंनी साबुदाण्याची खिचडी खायला घातली ती वेगळीच.)

स्पंजचा तुकडा मुठीएवढा, गडद तपकिरी, गाळाने भरलेला, वास मात्र पहिल्या पावसात मातीला येतो तसा. मला वाटलं होतं घाण येईल. डबा मांडीवर धरून लेक स्कूटरवर मागे बसली होती. अर्धा तुकडा आमच्या स्पंजवर पिळला, पाणी चहासारखं झालं, बाकीचा तुकडा फिल्टरच्या शेजारी दोऱ्याने बांधला. पंप टांगलाय. आई झोपते आता.


नवखा_कोथरूडकर
२ जुलै, रात्री ९:५०

अमोनिया शून्य!!! लिंबासारखा पिवळा! आणि नायट्राइट जांभळा. नाचलो घरात. परत २० मिली टाकला, लगेच.

स्पंजबरोबर दोन गोगलगायीही आल्यात. लेकीने नावं पण ठेवली.


नवखा_कोथरूडकर
९ जुलै, रात्री ११:२०

आनंद फार टिकला नाही. मध्ये सगळं छान चाललं होतं, रोज रात्री अमोनिया शून्य, रोज २० मिली टाकायचो. पण सहा तारखेपासून गाडी अडलीये. अमोनिया आधी २ वर राहिला, मी म्हणलं असेल हळू, दुसऱ्या दिवशी परत टाकला, आता ४ वर आहे आणि तीन दिवस हलत नाही. नायट्राइट नळीत थेंब पडता क्षणी गर्द जांभळा, चार्टच्या बाहेर. नायट्रेट केशरी-लाल. पंप २४ तास चालू आहे. जिवाणू मेले का? सगळं धुवून परत पहिल्यापासून करू का? खरं सांगायचं तर कंटाळा आलाय, लेक रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते मासे आले का.


कोळीवाडा_एक्सप्रेस
९ जुलै, रात्री ११:३१

म्हणलं होतं कोळंबी.


बीकरभर
१० जुलै, सकाळी ८:१५

धुवू नका!! कशालाही हात लावू नका. आधी पीएच सांगा. आणि केएचचं (पाण्यातलं बायकार्बोनेट मोजायचं) किट कुणाकडे असेल (काकांकडे नसणारच) तर नळाच्या पाण्याचा आणि टाकीचा केएच सांगा.


नवखा_कोथरूडकर
१० जुलै, दुपारी १२:४०

ऑफिसमधल्या एकाकडे किट निघालं, लंच टाइममध्ये घरी येऊन मोजलं. नळ : पीएच साडेसातच्या आसपास, केएच ३ डिग्री. टाकी : पीएच ६, म्हणजे चार्टवरचा सगळ्यात खालचाच रंग, आणि केएच पहिल्याच थेंबाला पिवळा, म्हणजे जवळपास शून्य. याचा अर्थ काय?


बीकरभर
१० जुलै, दुपारी १:३०

अर्थ असा की तुमचे जिवाणू मेले नाहीत, संपावर गेलेत.

अमोनिया खाल्ला जातो तेव्हा आम्ल तयार होतं. पाण्यातला केएच, म्हणजे बायकार्बोनेट, ते आम्ल पचवतो आणि पचवता पचवता स्वतः संपतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साधारण ७ मिलिग्रॅम क्षारता लागते. तुमच्या भाषेत, २ पीपीएमचा एक डोस खाल्ला गेला की केएच पाऊण डिग्रीला थोडा कमी इतका उतरतो. नळाला होता ३. म्हणजे चार-साडेचार डोसमध्ये खिसा रिकामा. पहिला डोस अधिक २ तारखेपासूनचे रोजचे डोस मोजा, सहा तारखेलाच येऊन थांबता की नाही? त्यानंतर पीएच कोसळला आणि सहाच्या आसपास हे काम जवळजवळ बंदच पडतं. खडकवासल्याचं पाणी म्हणजे घाटातला पाऊस, मऊ पाणी. पुण्यातच कुणाकडे बोअरचं पाणी असेल तर त्याला हा प्रश्न आलाच नसता.

दुसरं, नायट्राइट. १ पीपीएम अमोनियाचं २.७ पीपीएम नायट्राइट होतं. तुमचा एक डोस म्हणजे ५.४. तुमच्या किटचा चार्ट संपतो ५ वर. चार-साडेचार डोस खाल्ले गेलेत, दुसऱ्या टोळीने अजून काम धरलेलं नाही, म्हणजे टाकीत वीसच्या वर नायट्राइट असणार. म्हणून थेंबागणिक जांभळा. आणि नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजतं, त्यामुळे असलेलं नायट्राइटही त्यात धरलं जातं, सध्या तो केशरी रंग खरा मानू नका. रोज डोस नको म्हणाले होते ते यासाठी.
(रागावत नाहीये. मी पण पहिल्या वेळी हेच केलं होतं.)

आता करायचं ते :
७० टक्के पाणी काढा, क्लोरीन घालवलेलं ताजं भरा. स्पंजला हात लावायचा नाही. मग खायचा सोडा, एक सपाट चहाचा चमचा, मगभर पाण्यात विरघळवून टाका. तेवढ्याने ३४ लिटरला केएच साधारण ५ डिग्रीने वाढतो. मासे नाहीत म्हणून एकदम टाकायला सांगतेय, मासे असताना असं कधी करू नका. पीएच वाढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. २५ अंशाला पीएच ७ असताना त्यातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर.
नवा नवसागर बंद. अमोनिया शून्य झाल्यावर दोन दिवसांआड १० मिली, बस.


पंक्चरवाला
१० जुलै, दुपारी १:४४

खायचाच सोडा ना? इनो चालेल का, घरात तेच आहे.


बीकरभर
१० जुलै, दुपारी १:५०

इनो नाही, त्यात सायट्रिक ॲसिड असतं. बेकिंग पावडर नाही. धुण्याचा सोडा तर मुळीच नाही. भजीत घालतो तो.


बोअरवाला_लातूर
१० जुलै, रात्री ८:२०

आमच्याकडे उलटं, पाणी इतकं जड की गीझरच्या कॉइलवर खडू जमतो. सायकल कधीच अडली नाही, वीस-बावीस दिवसांत होते, पण मासे सोडल्यावर थोडा जरी अमोनिया दिसला तर लगेच लोळतात, आता ताईंनी सांगितल्यावर कारण कळलं. वाचनखूण साठवली.


जुनी_हौद
११ जुलै, सकाळी ६:००

चाळीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. माझ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, मित्रानेच सांगितलं होतं घाल म्हणून, का ते त्यालाही ठाऊक नसावं. त्यामुळेच बहुतेक पाणी आंबट झालं नाही.


बीकरभर
११ जुलै, सकाळी ८:३०

अगदी बरोबर काका. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आंबट व्हायला लागलं की हळूहळू विरघळत राहतं. नवखादादा, नंतर रोज सोडा मोजण्यापेक्षा मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा.


नवखा_कोथरूडकर
१४ जुलै, रात्री १०:००

सोडा टाकल्यावर चोवीस तासांत ४ चं तर सोडाच, पाणी बदलून जेवढा उरला होता तेवढा अमोनिया साफ. नायट्राइट अजून जांभळा. एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर करून मोजलं तर ०.५ ते १ च्या मध्ये, म्हणजे मूळ ५ ते १०. काल दुपारी अडीच तास लाइट नव्हती, आई स्वतःहून दर दहा मिनिटांनी मगाने पाणी वर-खाली ओतत होती. जी पंपाच्या नावाने बोटं मोडत होती तीच.


नवखा_कोथरूडकर
२२ जुलै, सकाळी ७:१०

रात्री जांभळा होता. आज सकाळी आकाशी. निळाशार. मला वाटलं थेंब टाकायला विसरलो, परत केली टेस्ट. तरी निळाच. असा एका रात्रीत जातो का?


दूरदेशी
२२ जुलै, सकाळी ८:०२

हो, नेहमी असंच. आठवडे ढिम्म आणि मग एका रात्रीत गायब. अभिनंदन! आता २ पीपीएमचा पूर्ण डोस टाकून २४ तासांची परीक्षा घ्या.


नवखा_कोथरूडकर
२४ जुलै, सकाळी ७:३०

काल सकाळी ७ ला २० मिली. आज ७ ला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लालभडक. पास!

मासे कुठले? माझ्या डोक्यात सहा झेब्रा डॅनिओ होते.


हळदीकुंकू_नको_अनुबियास_द्या
२४ जुलै, दुपारी ३:१५

डॅनिओला दीड फूट कमी पडतं हो, ते दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतात. एक फायटर किंवा पाच नर गप्पी. गोल्डफिश मात्र परत नको, ते खूप मोठे होतात.


जुनी_हौद
२४ जुलै, दुपारी ४:००

गप्पी घेतलेत तर फक्त नर. एक जरी मादी आली तरी पिल्लं घालते, पोटात आधीचं बीज साठवून असते. आणि नकोसे झाले म्हणून नदी-ओढ्यात सोडू नका. आधीच ठिकठिकाणी डासांसाठी सोडलेत, ते बास झाले.

सोडायच्या आधी ७० टक्के पाणी बदला, नायट्रेट उतरेल. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवा, मग जाळीने मासे घ्या, दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिला आठवडा चिमूटभर खाणं, एकदाच. सोडायला उशीर झाला तर अधूनमधून नवसागर देत राहा, विरजण उपाशी ठेवू नका. (घ्या, मीही नवसागर सांगायला लागलो.)


नवखा_कोथरूडकर
२ ऑगस्ट, रात्री ९:४०

२६ तारखेला पाच नर गप्पी आणले, आज आठवा दिवस, मागच्या वेळी याच दिवशी शेवटचा गेला होता. रोज टेस्ट करतोय, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आसपास, केएच ४. काल १० लिटर पाणी काढून बदललं आणि त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा पिळला, नळाखाली नेला नाही. ते पाणी लेकीने कढीपत्त्याला घातलं.

पाचातला एक पिवळ्या शेपटीचा फिल्टरच्या मागेच बसून असतो, खायला येतो आणि परत जातो, बाकी ठीक दिसतोय. बघू का थांबून की वेगळा काढू?

आणि ताई, नवसागर जवळजवळ अख्खी बाटली उरलाय, आई म्हणतेय दे इकडे, पुरणाच्या पातेल्याला कल्हई करायचीये. चालेल ना?


बीकरभर
२ ऑगस्ट, रात्री १०:१०

थांबा अजून दोन दिवस, खातोय ना मग काढू नका. शेपटी चिमटलेली, मिटलेली दिसली तर सांगा.

आईंना सांगा कल्हईवाला स्वतःचा आणतो. बाटली ठेवा, दिवाळीत गावाला जाल आणि मासे कुणाकडे ठेवायला दिलेत तर रिकाम्या टाकीला लागेल.